पानं किती मांडायची

मेथीची जुडी अर्धी निवडून झाली होती आणि यशोदाबाई ती तशीच टाकून लुगडं बदलायला आत गेल्या होत्या. ताट उचलायला म्हणून त्यांची सून स्वरूपा वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ताटात सगळे देठ होते, नीट एका दिशेला लावून ठेवलेले. कोवळी पानं मात्र खाली वर्तमानपत्रावर, मुळांत आणि मातीत टाकून दिलेली.

तिनं एकदा आतल्या खोलीकडं पाहिलं. मग खाली बसून भराभर पानं वेचली, चाळणीत घेतली, देठ कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपले आणि वर कांद्याची सालं टाकली. घाईत झालं असेल, ती मनाशी म्हणाली. आज दवाखान्यात जायचंय, त्या धास्तीनं झालं असेल.

पण मेथीत यशोदाबाईंचा हात चुकावा, ही गोष्ट धास्तीवर ढकलण्यासारखी नव्हती. मोशीत लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सोळावं लागलेलं. त्या वेळी इंद्रायणीच्या काठानं सगळे पालेभाजीचे मळे. पहाटे उठून मेथी उपटायची, जुड्या बांधायच्या आणि शेकड्यानं मोजून गाडीत भरायच्या. मोजताना पहिल्या जुडीला कधी 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की ते एकटं पडतं, असं त्यांच्या सासूबाई आक्काबाई सांगायच्या. आता त्या मळ्याच्या जागी बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्याच एकीत सातव्या मजल्यावर यशोदाबाई राहतात. तरी पोळ्या मोजायच्या झाल्या तरी त्यांच्या तोंडून आधी 'लाभ'च येतो.

या आक्काबाई मोठ्या कडक. नवी सून घरात आली, सत्यनारायण झाला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बायका जेवायला बसायच्या वेळी त्यांनी सुनेला हुमाण घातलं. कोड्याला तिकडं हुमाणच म्हणतात.

"मायलेकी, सासूसुना, नणंदा-भावजया,
जेवायला आल्या घरी, पानं मांड मोजून या!"

सगळ्या जणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सहा म्हटलं तर सून भोळी ठरणार. तीन म्हटलं तर हुशार. कारण एक आई, तिची लेक आणि तिची सून अशा तिघींतच सगळी नाती बसतात. आई तीच सासू, लेक तीच नणंद, सून तीच भावजय. यशोदाबाईंनी जरा विचार केला आणि विचारलं,

"कुनाच्या घरात, आत्याबाई?"

"म्हंजी?"

"येकाच चुलीवरच्या असतील तर तीन पानं. पर माय-लेक येका घरच्या आन सासू, सून, नणंद ह्या तिघी दुसऱ्या घरच्या असल्या, तर पाच. तिन्ही जोड्या येगळ्या गावच्या असल्या तर सहा. घर सांगा, मग मांडते."

आक्काबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "आगाव हाय. पर हिच्या हातनं कुनी उपाशी उठायचं न्हाई."

तेव्हापासून ते हुमाण यशोदाबाईंचंच झालं. हळदीला, जागरणाला, बारशाला बायका त्यांना ते घालायला लावायच्या आणि मग तीनवाल्या आणि सहावाल्या अशा दोन फळ्या पडून भांडणं रंगायची. यशोदाबाई दोघींना बरोबर ठरवायच्या. चिडून कुणी म्हणायचं, "अगं पण खरं उत्तर कुठलं?" तर त्या म्हणायच्या, "हुमाण घालनाऱ्याच्या मनात काय हाय, त्ये त्यालाच ठाव. आपन आपलं घर बघून मांडावं."

आणि पंगतीचा त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. दारातून एक नजर टाकून सांगायच्या, साठ पानं बसतील. साठच बसायची.

तर अशा बाईला दिवाळीपासून विसरायला होऊ लागलं. दोनदा दूध करपून पातेलं काळं झालं. एकदा खाली पार्किंगमध्ये लिफ्टसमोर उभ्या राहिल्या, कितवा मजला ते आठवेना, म्हणून वॉचमनला म्हणाल्या, "आमच्या मळ्यात जायचंय." नातीला, मुक्ताला, त्या सांगवीला दिलेल्या आपल्या लेकीच्या नावानं रंभा म्हणून हाक मारायच्या. सुजित, त्यांचा मुलगा, म्हणायचा, "वय झालं. चालायचंच."

स्वरूपाला मात्र चालायचंच म्हणून भागणार नव्हतं. तिला चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगमध्ये काम मिळालं होतं. सोमवारपासून जायचं. सुजितची शिफ्ट फिरती, मुक्ताची शाळा साडेबाराला सुटणार, आणि तिथून संध्याकाळी पाचपर्यंत घरात नऊ वर्षांची नात, चौऱ्याहत्तर वर्षांची आजी आणि गॅस. आजीवर घर सोडून जाता येईल का, एवढाच प्रश्न होता. "डॉक्टरलाच विचारू," सुजित म्हणाला. "तो म्हणेल ते शेवटचं." म्हणून शनिवारची वेळ घेतलेली.

थेरगावच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि बोलायला गोड होते. समोर छापील कागद घेऊन एकेक प्रश्न विचारत होते.

"आजी, आज वार कोणता?"

"शनवार. मारुतीचा."

"महिना?"

"माघ."

डॉक्टरांचं पेन थबकलं. "इंग्रजी महिना विचारतोय मी."

"त्यो कशाला माझ्या तोंडून घेता? तुमच्या भितीवर लावलाय की."

डॉक्टर हसले. "बरं, मी तीन वस्तू सांगतो, ध्यानात ठेवा. कुलूप, केळं, चप्पल. मी पुन्हा विचारणार. आता वीसपासून उलटे आकडे म्हणा."

यशोदाबाईंनी डोळे मिटले आणि हरिपाठ म्हणावा तशा एका लयीत आकडे म्हणत गेल्या. "...पाच, चार, तीन, दोन, लाभ."

"एक राहिला आजी."

"त्योच की लाभ."

डॉक्टरांनी स्वरूपाकडं पाहिलं. तिनं घाईघाईनं जुड्यांची गोष्ट सांगितली. "असं होय," म्हणत त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. "आणि त्या तीन वस्तू?"

"केळं. चप्पल." यशोदाबाई जरा थांबल्या. "तिसरी तुमीच ठिवा, दादा. समदंच मी नेलं तर तुमाला काय ऱ्हानार?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. स्वरूपाही हसली, पण तिचं लक्ष पेनकडं होतं. शेवटचा प्रश्न साधा होता.

"घरात माणसं किती?"

"सात."

घरात चौघंच होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि स्वरूपाचा चेहरा उतरला. यशोदाबाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं, मग सुनेच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मग खुर्चीत मागं रेलून बसल्या.

"मोजा की. सासू-सून दोन. माय-लेक, चार. आजी-नात, सहा. आन मुक्तीचा बाप, सात."

डॉक्टर बोटांवर मोजायला लागले. मोजून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "आजी, तुम्हीच माझी परीक्षा घेताय. पण मग जेवायला ताटं किती लागतात?"

स्वरूपाचा हात मांडीवर होता. चार बोटं सरळ झाली आणि अंगठा आत गेला. आपोआप झालं असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली, पण तसं ते नव्हतं.

"चार," यशोदाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिलं, वयाच्या मानानं ठीक आहे, सहा महिन्यांनी दाखवावं. बसमध्ये यशोदाबाई खिडकीशी बसल्या, आणि भोसरीपर्यंत त्यांनी सुनेच्या हातातला हात सोडला नाही. दमल्या असतील, स्वरूपाला वाटलं.

घरी तर सणच झाला. सुजितनं सांगवीला रंभाला फोन लावला, "आयेनं डॉक्टरलाच हुमाण घातलं, काय सांगू!" समोरच्या दारातल्या गौहरभाभी चहाला आल्या. त्यांचे यजमान मीरासाहेब गॅरेज चालवतात. भाभींनी सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं लाभ, तसं आमचे सासरे बरकत म्हणायचे. बरकत, दोन, तीन. त्यांना कुणी नापास करून दाखवायचं होतं!"

"करनारा जन्माला यायचा व्हता," यशोदाबाई म्हणाल्या. सगळे हसले. स्वरूपानं कपात चहा ओतताना बशीत सांडला.

रविवारी दुपारी ती भाकऱ्या करत होती. यशोदाबाई बाहेर पानं मांडत होत्या. ते काम त्यांचंच. बाहेरून मुक्ताच्या टाळ्या ऐकू आल्या.

"आई, लवकर ये! आज्जीनं हुमाण घातलंय!"

स्वरूपा पिठाच्या हातानं बाहेर आली. जमिनीवर समोरासमोर दोन ओळींत सात ताटं होती. प्रत्येकाशेजारी पाण्याचा पेला, प्रत्येकात चिमूटभर मीठ.

"आये, पुन्हा सात?" सुजित सोफ्यावरून हसत म्हणाला. "आज डॉक्टरला जेवायला बोलावलंय काय?"

मुक्ता ताटांवर बोट ठेवत मोजत होती. "ही सासू, ही सून, ही माय, ही लेक..."

यशोदाबाईही हसल्या. पण त्या जरा मागाहून हसल्या, दुसऱ्यांचं बघून. स्वरूपाला ते दिसलं. आणि मग तिला टोकाचं ताट दिसलं. त्या एकाच ताटात मिठाशेजारी गुळाचा खडा ठेवलेला होता.

हुमाणात गूळ कशाला लागतो?

घरात गूळ खाणारं कुणी नव्हतं. एकदा फक्त, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, तिनं रंभाकडून ऐकलं होतं की सुजितच्या थोरल्या भावाला, सयाजीला, गुळाशिवाय भाकरी उतरायची नाही. सयाजी तेरा वर्षांचा असताना तापानं गेला. त्यालाही आता पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

"अहो, दही संपलंय," स्वरूपा म्हणाली. "मुक्ताला घेऊन खाली जाऊन या ना."

"आता? वाढायच्या वेळी?"

"जा म्हणते ना."

दार लागलं. यशोदाबाई ताटांजवळ उभ्याच होत्या, हातात एक पेला धरून.

"आत्या," स्वरूपा हळू आवाजात म्हणाली, "हे हुमाण नाही ना?"

सासूनं पेला खाली ठेवला. देवघरासमोरच्या पाटावर बसल्या.

"दवाखान्यात तू बोटं दावलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं दावलीस. न्हाईतर मला त्ये चार ठावं नव्हतं. सात म्हनले, तवा मला सातच दिसत व्हते, पोरी. आपन चौघं. आन आत्याबाई, मुक्तीचा आजा, सयाजी. समदी चुलीम्होरं बसल्याली. मग तुझं त्वांड बघितलं. म्हनलं, चुकलं काय तरी. काय चुकलं त्ये कळंना. पर हुमाण पाठ हाय. त्येच पांघरलं वरनं."

"पण किती बरोबर बसवलंत तुम्ही. डॉक्टरही फसले."

"जुनं समदं ध्यानात हाय. म्हनून झाकता येतंय. नवं त्येवढं गळतंय." त्यांनी लुगड्याचा काठ गुडघ्यावर सारखा केला. "लोक म्हनत्यात, यशोदी लई हुशार. व्हते की हुशार. त्याच हुशारीवर चाललंय आता. माघ म्हनले, कारन दुसरं नाव आठवंना. तिसरी वस्तू तुमीच ठिवा म्हनले, कारन ती गेलीच व्हती."

स्वरूपाच्या हातावरचं पीठ वाळत चाललं होतं. ती खाली बसली.

"आत्या, मी ती बोटं तुमच्यासाठी नाही दाखवली."

"ठाव हाय. नोकरीसाठी."

"तुम्ही मला बोलला पण नाहीत."

"काय बोलू? तुला जायचं व्हतं, मला ऱ्हायचं व्हतं. दोघींचं येकच उत्तर आलं. पर आता येक सांगते, त्ये झाकू नगंस. बेस्तरवारी तू भाजीला गेलीवतीस. मुक्ती शाळेतनं आली, दार वाजवलं. म्या भोकातनं बघितलं. म्हनलं, कुनाची पोर ही? उघडलं न्हाई. ती वाजवत बसली. मग आज्जी आज्जी म्हनून रडली, तवा आवाजावरनं वळखली."

"मुक्ता मला बोलली नाही."

"तिला वाटलं, आज्जी खेळतीय. ती पन माझं हुमाणच समजली."

खाली कुठंतरी टँकरचं पाणी टाकीत पडत होतं. स्वरूपाच्या डोळ्यांसमोर गुरुवार आला, शनिवार आला, डब्याच्या तळाशी दडपलेले देठ आले. कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला सोयीचं तेवढं ऐकलं होतं आणि त्यात सर्वांत पुढं तीच होती.

"मी डॉक्टरांना सांगणार आहे," ती म्हणाली. "सगळं. बोटांचंसुद्धा."

यशोदाबाईंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. "मग गॅसला हात लावू देनार न्हाईत मला. किल्ली काढून घेशीला. येकटीला बाहेर सोडनार न्हाईत."

"कदाचित."

"येड्यात काढतील."

"वेड्यात मी काढू देणार नाही, आत्या. पण खोटं पास पण करणार नाही. औषध असेल तर मिळू दे ना. नसेल, तर निदान कळू दे."

यशोदाबाई देवाकडं बघत राहिल्या. सकाळी लावलेलं निरांजन कधीच शांत झालं होतं. त्यांचे ओठ हलत होते. नाम घेत होत्या की नावं आठवत होत्या, ते स्वरूपाला कळलं नाही.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "सुजित यायच्या आत तीन पानं उचल. पर कुठली तीन, त्ये तू सांग. मला न्हाई सांगता यायचं."

स्वरूपा उठली. तिलाही ते सोपं गेलं नाही. ताटं सगळी सारखी, एकाच सेटमधली. कुठलं आक्काबाईंचं आणि कुठलं मारुतराव सासऱ्यांचं, हे यशोदाबाईंच्या मनात असेल तर असेल. तिनं हाताला आली ती तीन उचलली आणि ओट्यावर पालथी घातली. गुळाचं ताट तिनं उचललं नाही.

सुजित दही घेऊन आला तो नेमका त्याच ताटावर बसला. "गूळ कशाला?"

"खा," आई म्हणाली.

त्यानं खाल्ला.

जेवणं झाल्यावर मुक्ता गौहरभाभींकडं खेळायला गेली आणि स्वरूपानं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला. "डॉक्टरनं लिहून दिलंय ना ठीक आहे म्हणून? झालं की मग. कशाला उकरून काढतेस?"

"ते उत्तर तुमच्या आईचं नाही. मी सांगितलेलं आहे."

"आयेनं मुद्दाम केलं असेल. तिला मजा वाटते लोकांना फसवायला. लहानपणापासून बघतोय मी."

"तसंही असेल. अर्धं तसंच आहे. म्हणून तर आपल्याला कळलं नाही. पण दाराबाहेर मुक्ता रडत होती, ते मजेचं नव्हतं."

सुजित उठून आईच्या खोलीच्या दारात गेला. यशोदाबाई भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या होत्या. तो आत जाऊन त्यांचे पाय चेपत बसला. त्यांनी तोंड न वळवता विचारलं, "कोन, सयाजी?"

"मी सुजित, आये," तो म्हणाला.

"व्हय व्हय. सुजित." त्यांनी मागं हात करून त्याचा हात चाचपला. "ठाव हाय मला."

संध्याकाळी देवापुढं दिवा लागल्यावर यशोदाबाईंनी नेहमीसारखा हरिपाठ म्हटला. एक शब्द चुकला नाही. स्वरूपानं कंपनीतल्या मॅडमना फोन केला, घरी आजारपण आहे, एक आठवडा थांबता आलं तर बघा, म्हणाली. बघते, पण जागा ठेवीन असं सांगत नाही, असं उत्तर आलं. मुक्ताला शाळेतून थेट आपल्याकडं घ्यायचं गौहरभाभींनी कबूल केलं. किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. सुजितनं सोमवारची पहिली शिफ्ट बदलून घेतली, म्हणजे सकाळी आईजवळ तो राहील.

स्वरूपानं दवाखान्याचा कागद पिशवीत घातला. सोमवारी सकाळी साडेनऊच्या आत तिला थेरगावला पोचून डॉक्टरांचा नंबर लावायचा होता.